रायझन ७ ७८००एक्स३डी आणि कोअर आय७-१४७००के: मिश्र कामासाठी तुलना नेमकी कशावरून करावी?

प्रश्न

नवीन डेस्कटॉप संगणक जुळवण्यासाठी मी दोन प्रोसेसरांपर्यंत येऊन थांबलो आहे: एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी आणि इंटेलचा कोअर आय७-१४७००के. दोन्ही २०२३ मधले आहेत. पहिला एप्रिलमध्ये आला, दुसरा ऑक्टोबरमध्ये. त्यानंतरच्या पिढ्याही आलेल्या आहेत याची मला कल्पना आहे, परंतु निवड या दोहोंतूनच करायची आहे, म्हणून कृपया तिसरे नाव सुचवू नये.

कागदावरचे आकडे पाहिले तर १४७००के सरस वाटतो. त्यात २० कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि २८ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धारा) आहेत व त्याचा कमाल वेग ५.६ गिगाहर्ट्झ आहे. ७८००एक्स३डीमध्ये ८ कोअर, १६ थ्रेड आणि कमाल ५ गिगाहर्ट्झ. असे असूनही खेळांच्या बहुतेक आलेखांत आठ कोअरवाला वर दिसतो, आणि त्याच परीक्षणात सिनेबेंचचा (त्रिमितीय चित्र तयार करण्याच्या चाचणीचा) आलेख उघडला की तोच इतका खाली जातो की समोरच्याचे गुण त्याच्या जवळपास दुप्पट भरतात. विजेच्या बाबतीतही असाच घोळ आहे. एकावर १२० वॉट लिहिले आहे, दुसऱ्यावर १२५ वॉट, आणि प्रत्यक्ष मोजणीत मात्र दोघांमध्ये मोठी तफावत दाखवली जाते.

माझे काम संमिश्र आहे. रोजचा बराचसा वेळ सी प्लस प्लसमधील एका मोठ्या प्रकल्पावर जातो, म्हणजे कोड बदलणे, तो कंपाइल करणे (यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे), चाचणी घेणे. सुट्टीच्या दिवशी विमानाचे सिम्युलेटर आणि डावपेचांचे खेळ खेळतो. पडदा १४४० पिक्सेलचा आहे. व्हिडिओ संपादन अधूनमधून करतो. या परस्परविरोधी आलेखांतून माझ्या कामाला लागू पडेल असा निष्कर्ष कसा काढावा, आणि मुळात आलेख परस्परविरोधी का आहेत, हे कोणी समजावून सांगेल का?


उत्तर १

आलेख परस्परविरोधी नाहीत. ते दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहेत. कोअरची संख्या आणि गिगाहर्ट्झ हे आकडे प्रोसेसर प्रत्यक्ष काम करत असतानाचा वेग सांगतात. तो हातावर हात ठेवून माहितीची वाट पाहत किती वेळ बसतो, हे त्या आकड्यांत कुठेच येत नाही, आणि आजच्या प्रोसेसरांत फरक पडतो तो बऱ्याचदा तिथेच.

थोडे गणित करून पाहू. ५ गिगाहर्ट्झ वेगाने चालणाऱ्या कोअरचे एक चक्र ०.२ नॅनोसेकंदाचे असते. मुख्य रॅममधून एखादी गोष्ट आणायची झाली तर साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद जातात, म्हणजे साडेतीनशे ते चारशे चक्रे. तीच गोष्ट तिसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये (प्रोसेसरमधल्याच छोट्या, वेगवान स्मृतीत) असेल तर पन्नासच्या आसपास चक्रांत मिळते. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर माहिती आधीच मागवून ठेवतो, आणि थांबण्याचा काही काळ दुसऱ्या सूचना उरकण्यात घालवतो, हे खरे. पण प्रोग्रॅम स्मृतीत इकडून तिकडे उड्या मारत असेल तर हे दोन्ही उपाय तोकडे पडतात.

७८००एक्स३डीची खासियत याच ठिकाणी आहे. त्याच्या कोअरच्या चिपमध्ये मुळात ३२ मेगाबाइट तिसऱ्या पातळीची कॅश आहे आणि तिच्यावर आणखी ६४ मेगाबाइटचा थर बसवलेला आहे, एकूण ९६. १४७००केमध्ये ही कॅश ३३ मेगाबाइट आहे. इंटेलच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती अनेक तुलनांमध्ये राहून जाते: त्याची दुसऱ्या पातळीची कॅश एकूण २८ मेगाबाइट आहे आणि एएमडीची फक्त ८. मात्र ती कोअरांमध्ये वा कोअरांच्या गटांमध्ये वाटलेली असते, आणि शेजारच्या कोअरला आपल्या वाट्यापलीकडची जागा स्वतःची म्हणून वापरता येत नाही.

खेळात प्रत्येक फ्रेमसाठी हजारो वस्तूंची स्थिती, टकरी, पात्रांचे निर्णय आणि चित्रणाच्या सूचना यांची उजळणी करावी लागते, आणि ही सगळी माहिती स्मृतीत विखुरलेली असते. ती ९६ मेगाबाइटमध्ये बऱ्याच अंशी मावते आणि ३३ मध्ये मावत नाही. सिनेबेंच चित्राचे लहान तुकडे करून प्रत्येक थ्रेडला एकेक देतो. त्या तुकड्याला लागणारी माहिती थोडी असते आणि आकडेमोड प्रचंड. तिथे जास्तीच्या कॅशला कामच उरत नाही, जास्तीचे कोअर मात्र पुरेपूर वापरले जातात.

हे केवळ तर्काने मानायची गरज नाही. रायझन ७ ७७००एक्स हा ७८००एक्स३डीचा सख्खा भाऊ आहे. त्याची रचना तीच आणि कोअरही आठच. फरक एवढाच की त्याची तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट आहे आणि कमाल वेग ५.४ गिगाहर्ट्झ. रेंडरिंगमध्ये (सिनेबेंचसारख्या चित्र तयार करण्याच्या कामात) ७७००एक्स पुढे असतो आणि खेळांमध्ये ७८००एक्स३डी, तोही बहुतेक वेळा ठळक फरकाने. कॅशचा परिणाम वेगळा काढून दाखवणारा याहून स्वच्छ प्रयोग मिळणे कठीण आहे. (तिसरे नाव घेतले, पण सुचवलेले नाही.)

वेग ५.४ वरून ५ वर का आला, हेही सांगतो. कॅशचा थर कोअरच्या चिपवर रचलेला असल्याने कोअरची उष्णता बाहेर पडायला अडथळा येतो, आणि त्या थराला जास्त व्होल्टेज मानवत नाही. त्यामुळे एएमडीने वेगाची मर्यादा खाली ठेवली आणि गुणक वाढवून ओव्हरक्लॉक करण्याची (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) सोयही बंद ठेवली.

शेवटी २० कोअरांबद्दल. ते वीस एका मापाचे नाहीत. त्यांतले आठ मोठे आहेत आणि प्रत्येकी दोन थ्रेड चालवतात. उरलेले बारा लहान आहेत आणि प्रत्येकी एकच थ्रेड चालवतात. सोळा अधिक बारा असे मिळून २८ होतात. लहान कोअरांचा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ असून एका चक्रात होणारे कामही मोठ्या कोअरपेक्षा कमी असते. कामाचे पुष्कळ समान तुकडे पडत असतील तर त्यांचा फार उपयोग होतो. काम एका मुख्य थ्रेडवर अडून बसले असेल तर जवळपास नाही.


उत्तर २

वरच्या उत्तरात खेळ आणि रेंडरिंग ही दोन टोके नीट आली आहेत, परंतु प्रश्नकर्त्याचा बहुतेक वेळ कंपाइल करण्यात जातो आणि ते या दोन टोकांच्या मध्ये बसते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

संपूर्ण प्रकल्प पहिल्यापासून बांधायचा असेल तर शेकडो स्वतंत्र फाइली एकाच वेळी कंपाइल होतात आणि १४७००के निर्विवादपणे पुढे जातो. तरीही सिनेबेंचमधली दुपटीची तफावत इथे सहसा उतरत नाही, कारण कंपाइलर हा सूचनांच्या झाडांमधून भटकणारा, स्मृतीवर अवलंबून असणारा प्रोग्रॅम आहे आणि त्याला मोठी कॅश बऱ्यापैकी मानवते. शिवाय फाइली संपल्यावर लिंकिंगचा, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करण्याचा, टप्पा येतो. जुना ग्नू लिंकर हे काम प्रामुख्याने एकाच थ्रेडवर करतो. त्या वेळी उरलेले एकोणीस कोअर नुसते बसून असतात.

उदाहरणादाखल समजा की आठ कोअरांवर पूर्ण बांधणीला २०० सेकंद लागतात, त्यांपैकी १८० सेकंदांचे काम वाटता येण्याजोगे आहे आणि २० सेकंद लिंकिंगचे. दुसऱ्या प्रोसेसरने वाटता येणारे काम दीडपट वेगाने केले तर १८० चे १२० होतील आणि एकूण वेळ १४० सेकंद होईल. साठ सेकंदांची बचत ही चांगलीच म्हणायची. आता हाच हिशेब रोजच्या कामाला लावा. तुम्ही एक फाइल बदलता, ती कंपाइल व्हायला ८ सेकंद लागतात आणि लिंकिंगला तेच २०. एकूण २८ सेकंदांत वाटता येण्याजोगे काही नाहीच, म्हणून वीस कोअर असोत वा आठ, उत्तर जवळपास तेच येते. थोडाफार फरक पडेल तो एका कोअरच्या वेगाने, आणि तिथे ५.६ गिगाहर्ट्झमुळे इंटेलला किंचित लाभ मिळतो.

म्हणून आलेख चाळण्याआधी सध्याच्या संगणकावर स्वतःच्या कामाची नोंद ठेवा. पूर्ण बांधणी किती वेळा करावी लागते? सामायिक हेडर फाइल बदलल्यामुळे निम्मा प्रकल्प पुन्हा कंपाइल होतो का? लिंकिंगला एकूण वेळेचा किती वाटा जातो? हेडर वारंवार बदलत असतील तर २८ थ्रेड दररोज उपयोगी पडतील. लिंकिंगच अडत असेल तर एलएलडी किंवा मोल्ड यांसारखा अनेक थ्रेड वापरणारा लिंकर लावल्याने जो फायदा होईल, तो या दोघांपैकी कुठलाही प्रोसेसर देऊ शकणार नाही, आणि त्याला खर्चही नाही.

आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. टेम्प्लेटांचा (कंपाइल होताना कोड तयार करणाऱ्या साच्यांचा) सढळ वापर असलेली एकेक फाइल कंपाइल होताना एक ते दोन गिगाबाइट रॅम घेऊ शकते. अशा २८ फाइली एकदम सुरू केल्या तर ३२ गिगाबाइट रॅम अपुरी पडू शकते, आणि एकदा डिस्कवर अदलाबदल सुरू झाली की अधिक कोअरांचा सगळा फायदा धुऊन निघतो. १४७००के घेणार असाल तर ६४ गिगाबाइट धरूनच हिशेब करावा, असे माझे मत आहे.


उत्तर ३

विजेच्या आकड्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. १२० आणि १२५ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे निरर्थक आहे, कारण दोन्ही कंपन्यांची व्याख्याच वेगळी आहे. ७८००एक्स३डीवरचे १२० वॉट हे उष्णता वाहून नेण्यासाठीचे माप आहे. सॉकेटमधून (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेतून) घेता येणाऱ्या विजेची मर्यादा १६२ वॉट आहे, आणि कॅशच्या थरामुळे व्होल्टेज मर्यादित असल्याने तो तिथपर्यंत सहसा पोहोचतच नाही. १४७००केचे १२५ वॉट ही मूळ वेगावरची पायाभूत मर्यादा आहे. टर्बोसाठी (तात्पुरत्या वाढीव वेगासाठी) इंटेलने दिलेली कमाल मर्यादा २५३ वॉट आहे आणि सर्व कोअरांवर भार पडला की तो खरोखर तिच्या जवळ जातो. अनेक मदरबोर्ड कारखान्यातून निघतानाच ही मर्यादा सैल ठेवत असत, त्यामुळे जुन्या परीक्षणांतील काही मोजण्यांत आकडा २५३ च्याही वर दिसेल. परीक्षण वाचताना मर्यादा कोणत्या ठेवल्या होत्या हे आधी पाहावे. तेच लिहिलेले नसेल तर त्या आलेखाला फार किंमत देऊ नये.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ७८००एक्स३डीला हवेवर चालणारा चांगला कुलर पुरतो. त्याची तापमानाची मर्यादा ८९ अंश सेल्सिअस आहे, १४७००केची १०० अंश. १४७००के दीर्घकाळ पूर्ण भाराने चालवायचा तर मोठा कुलर आणि हवा खेळती ठेवणारी पेटी लागते, अन्यथा तो स्वतःच वेग कमी करतो आणि तुम्ही ज्या गुणांसाठी तो घेतला ते गुण मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे चिपची हळूहळू हानी होऊन संगणक अस्थिर होण्याचा दोष आढळला होता. इंटेलने २०२४ मध्ये तो मान्य केला, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) दिले, आणि बाधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. १४७००के त्या यादीत आहे. नवा प्रोसेसर बसवताना त्यानंतरचे बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) आधी चढवले तर चिंतेचे कारण उरू नये. मात्र आधीच झालेली हानी मायक्रोकोडने भरून निघत नाही, म्हणून वापरलेला १४७००के घेण्याच्या फंदात पडू नका. एएमडीची पाटीही अगदी कोरी नाही. २०२३ च्या वसंतात रायझन ७००० मालिकेतील काही एक्स३डी (जादा कॅशचे) प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या घटना घडल्या होत्या आणि त्यानंतर बायोसमधून एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या स्मृती-नियंत्रक वगैरे भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे कुठलाही घ्या, बायोसचे अद्ययावतीकरण हे पहिले काम समजा.


उत्तर ४

खेळांच्या आलेखांबद्दल एक हरकत नोंदवतो. परीक्षक प्रोसेसरांतील फरक उघड व्हावा म्हणून मुद्दाम १०८० पिक्सेलवर आणि उपलब्ध असलेल्या सर्वांत शक्तिशाली ग्राफिक्स कार्डावर चाचणी घेतात. ही पद्धत योग्यच आहे, परंतु तो आकडा तुमच्या संगणकावर दिसेल असे समजू नये. १४४० पिक्सेलवर मध्यम ताकदीचे कार्ड असेल तर बहुतेक खेळांत कार्डच अडसर ठरते आणि दोन्ही प्रोसेसर एकाच रेषेवर येतात.

प्रश्नकर्त्याचे खेळ मात्र या नियमाला अपवाद ठरणारे आहेत. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये दाट शहरावरून किंवा गजबजलेल्या विमानतळावर उतरताना मुख्य थ्रेडच अडतो, आणि तिथे मोठ्या कॅशचा लाभ वरच्या रिझोल्यूशनवरही जाणवतो. अशा ठिकाणी सरासरी फ्रेमदरापेक्षा सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा आकडा पाहावा, कारण डोळ्याला खुपतो तो अडखळा.

कॅश म्हणजे जादू नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. फॅक्टोरिओ या कारखाने उभारण्याच्या खेळात लहान आणि मध्यम आकाराच्या कारखान्यांवर एक्स३डी प्रोसेसर थक्क करणारी आघाडी घेतात; कारखाना इतका वाढला की त्याची माहिती ९६ मेगाबाइटमध्येही मावेनाशी झाली, की ती आघाडी झपाट्याने ओसरते आणि रॅमचा वेग पुन्हा महत्त्वाचा होतो. तेव्हा लहान नकाशावरचा बेंचमार्क पाहून मोठ्या नकाशाची अपेक्षा बांधू नये. परीक्षणाच्या शेवटी दिलेल्या एकत्रित गुणांविषयी तर मी इतकेच म्हणेन की ती अशा कामांची सरासरी असते, जी त्या प्रमाणात कोणीही करत नाही.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. उत्तर २ मध्ये सुचवल्याप्रमाणे बांधणीच्या नोंदी तपासल्या. पूर्ण बांधणी बहुधा शाखा (कोडची दुसरी आवृत्ती) बदलल्यावरच करावी लागते; दिवसभरातील बहुतांश बांधण्या एक-दोन फाइलींच्या आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक वेळ लिंकिंगला जातो. लिंकर बदलून पाहिला तर हा वेळ लक्षणीय घटला. रात्रीची पूर्ण बांधणी वेगळ्या सर्व्हरवर होते, त्यामुळे तिचा प्रश्न नाही.

आता दोन शंका उरतात. व्हिडिओ संपादनासाठी इंटेलची अंतर्गत ग्राफिक्स सोय उपयोगी पडते असे वाचले आहे. तिला किती महत्त्व द्यावे? आणि पुढे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येईल का?


उत्तर ५

व्हिडिओबाबत सारे काही कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. १४७००केमधील यूएचडी ७७० ग्राफिक्समध्ये क्विक सिंक ही व्हिडिओची खास सोय असून ते ४:२:२ रंगनमुन्याचे (४:२:० पेक्षा रंगाची जास्त माहिती ठेवणारे) १० बिटांचे एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या एका पद्धतीचे) चित्रण हार्डवेअरमध्ये उलगडू शकते. ७८००एक्स३डीमधील छोटे ग्राफिक्स हे करू शकत नाही, आणि अनेक स्वतंत्र कार्डांनाही ते जमत नाही. तुमचा कॅमेरा असे चित्रण करत असेल तर टाइमलाइनवर पुढेमागे सरकताना हा फरक ठळक जाणवतो आणि इंटेलचे पारडे जड होते. साधे ४:२:० चित्रण असेल तर ते कुठलेही आधुनिक कार्ड सहज हाताळते. मग ‘अधूनमधून’ होणाऱ्या संपादनासाठी हा मुद्दा निर्णायक मानू नये.

प्रोसेसर बदलण्याच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. १४७००केचा एलजीए१७०० सॉकेट बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालवून संपला. इंटेलने २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए१८५१ हा नवा सॉकेट आणला. त्यामुळे तिथे वरची पायरी म्हणून त्याच पिढीतला आय९ तेवढा उरतो. ७८००एक्स३डीच्या एएम५ सॉकेटला निदान २०२७ पर्यंत साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, आणि रायझन ९००० मालिका त्याच मदरबोर्डवर, बायोस बदलून, चालते. उद्या पूर्ण बांधण्या वाढल्याच तर त्याच सॉकेटात १६ कोअरांचा एक्स३डी प्रोसेसर बसवता येईल.

तुमच्या नोंदी पाहता मी ७८००एक्स३डी घेईन. ज्या कामात १४७००के बराच वेगवान आहे ते काम तुमच्याकडे क्वचित होते किंवा सर्व्हरवर जाते, आणि ज्या कामात ७८००एक्स३डी पुढे आहे ते तुम्ही आवडीने करता. सर्व्हर नसता तर मी उलट सल्ला दिला असता.

रॅम घेताना मात्र एक काळजी घ्यावी. एएम५वर केवळ डीडीआर५ चालते (१४७००केला जुनी डीडीआर४ही चालते), आणि चारही खाचा भरल्या तर एएमडीने अधिकृतपणे मान्य केलेला वेग ५२०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंदावरून ३६०० वर येतो. म्हणून ६४ गिगाबाइट हवी असेल तर १६ च्या चार पट्ट्यांऐवजी ३२ च्या दोन घ्याव्यात, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहिला तर घाबरून वीज बंद करू नये. मदरबोर्ड त्या वेळी रॅमची जुळवणी करत असतो.